शुभचिंतनाचे व्याकरण : जॉर्जियातील 'सुप्रा' आणि टोस्टची परंपरा

मराठी वाचकासमोर 'टोस्ट' हा शब्द उच्चारला तर त्याच्या डोळ्यांसमोर प्रथम चहात बुडवून खाण्याचा, कडक भाजलेला पाव उभा राहतो. एखाद्या व्यक्तीच्या किंवा प्रसंगाच्या नावाने पेला उंचावून शुभचिंतन करणे हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ आपल्याला इंग्रजी कादंबऱ्या, चित्रपट आणि गोव्यातील ख्रिस्ती विवाहसमारंभ यांच्यामुळे परिचित झाला. वस्तुतः हे दोन्ही अर्थ एकाच पावातून निघालेले आहेत. मद्याला चव यावी म्हणून मसाला लावून भाजलेला पावाचा तुकडा पेल्यात टाकण्याची रीत इंग्लंडमध्ये होती. ज्या व्यक्तीच्या नावाने पेला उचलावयाचा, तिच्या नावानेही पेयाला तशीच रुची येते, अशा काहीशा विनोदी कल्पनेतून सतराव्या शतकात तो शब्द पावावरून व्यक्तीवर आणि व्यक्तीवरून भाषणावर गेला.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र इंग्लंडमधील टोस्ट हा नाही. तेथे टोस्ट हा भोजनाचा अलंकार आहे. तो वगळला तरी भोजन पार पडते. काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्या कुशीतील जॉर्जिया या लहानशा देशात गोष्ट उलट आहे. तेथे समारंभाचे भोजन हेच टोस्टच्या आधारावर उभे असते. जन्म, बाप्तिस्मा, विवाह, नवे घर, परदेशगमन, मृत्यू आणि मृत्यूनंतरचे स्मरणदिन अशा आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर माणसांविषयी मोठ्याने, सर्वांसमक्ष आणि ठरलेल्या क्रमाने बोलण्याची एक परंपरा त्या समाजाने निर्माण केली आहे. मद्यपानाचा पुरस्कार हा या विवेचनाचा हेतू नाही. माणसाचा गौरव करताना आपण भाषेचा कोणता वापर करतो, हा येथील प्रश्न आहे. सत्कार आणि निरोपसमारंभ यांत ज्यांची अनेक वर्षे गेली आहेत अशा प्राध्यापकवर्गाला तो परका वाटू नये.

सुप्राची रचना

'सुप्रा' या जॉर्जियन शब्दाचा मूळ अर्थ मेजावर अंथरण्याचे वस्त्र असा आहे. अरबी-फारसी परंपरेतील 'सुफ्रा' हाच तो शब्द. आपल्याकडील 'दस्तरखान'प्रमाणे वस्त्राचा शब्द पुढे त्यावर मांडलेल्या भोजनाला आणि मग त्या भोजनाच्या समारंभाला लागू झाला. मेजवानीसाठी जॉर्जियन भाषेत आणखी एक शब्द आहे, 'केइपी'. आपण ज्याला 'कैफ' म्हणतो त्याचेच हे भावंड होय. शब्दांचा प्रवास पाहण्यासारखा आहे : एकच अरबी शब्द मराठीत येऊन धुंदी झाला आणि जॉर्जियनमध्ये जाऊन पंगत.

जॉर्जियाचा वाइनशी असलेला संबंध अतिशय प्राचीन आहे. तिबिलिसीच्या दक्षिणेकडील गादाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा या नवाश्मयुगीन स्थळांवर सापडलेल्या मातीच्या भांड्यांत द्राक्षमद्याचे रासायनिक अवशेष आढळले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने तेथील वाइननिर्मितीचा काळ इ.स.पूर्व ६००० च्या आसपास नेला. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या 'क्वेव्री' नावाच्या मोठ्या रांजणात वाइन मुरविण्याची तेथील पद्धत २०१३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. परंतु आठ हजार वर्षांची वाइन म्हणजे आठ हजार वर्षांची टोस्ट नव्हे. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

सुप्राचे सूत्र ज्याच्या हाती असते तो 'तामादा'. ही निवड सोपी नसते. तो वक्ता असावा, त्याला कविता आणि कुळांचा इतिहास ठाऊक असावा, त्याला गाता आले तर उत्तम. आणि सर्वांच्या बरोबरीने पिऊनही त्याचा तोल जाता कामा नये. घरगुती प्रसंगी यजमान स्वतः किंवा त्याचा एखादा ज्येष्ठ आप्त ही जबाबदारी घेतो. पेले भरण्याचे काम 'मेरिकीपे' नावाच्या वेगळ्या व्यक्तीकडे असते. मेजावर वाइन समोर असली तरी वाटेल तेव्हा पेला ओठांशी नेणे हे असभ्यपणाचे मानले जाते. आधी तामादा बोलणार, मग पेला. सुप्राचा हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम. पिण्याला शब्दाची परवानगी लागते. बाहेरून पाहणाऱ्याला हा पिण्याचा समारंभ वाटतो. जवळून पाहिल्यास तो बोलण्याचा समारंभ आहे.

तामादाने एखादा विषय मांडला की तो तेथेच संपत नाही. मेजावरील इतरांनी त्याच विषयावर, पण निराळ्या शब्दांत आणि शक्य तर निराळ्या आठवणींनिशी बोलावयाचे असते. तामादा एखाद्याला मुद्दाम पुढील सूत्र सोपवितो. त्याला 'आलावेर्दी' म्हणतात. एकाने पूर्वजांविषयी बोलताना सर्वसाधारण कृतज्ञता व्यक्त केली, तर दुसरा आपल्या आजोबांनी लावलेल्या वेलीविषयी सांगेल, तिसरा युद्धावरून परत न आलेल्या काकाविषयी. विषय तोच राहतो, माणसे वाढत जातात. ज्याच्या नावाने टोस्ट उचलली गेली असेल त्याने त्या वेळी स्वस्थ ऐकावयाचे असते. सर्वांचे बोलून आणि पिऊन झाल्यावर तो आभार मानतो आणि मग स्वतःचा पेला रिकामा करतो. स्वतःविषयी चांगले बोलले जात असताना तोंड लपविण्याची किंवा मध्येच 'नको, नको' म्हणण्याची सोय त्याला नाही.

टोस्टच्या क्रमात प्रदेशानुसार, घरानुसार आणि प्रसंगानुसार फरक पडतो. तरीही त्याचा सांगाडा ओळखता येतो. आरंभी परमेश्वर किंवा शांतता. ज्या देशावरून शतकानुशतके परकी सैन्ये गेली त्या देशात 'शांतता' हा पहिल्या पेल्याचा विषय असणे हे केवळ औपचारिक नाही. त्यानंतर ज्या कारणासाठी मंडळी जमली ते कारण, यजमानाचे घर, मातृभूमी, आईवडील, स्त्रिया, मैत्री, प्रेम, पाहुणे. यांच्यामध्ये कोठेतरी दिवंगतांची टोस्ट येते आणि तिच्या पाठोपाठ, बहुधा लगेच, मुलांची व नव्या जीवनाची. मृतांचे स्मरण करून पंगत तशीच सोडावयाची नाही, तिला पुन्हा जन्माकडे आणावयाचे, ही त्यामागील भूमिका. शेवटी कोणीतरी तामादाच्या नावाने बोलतो, कारण रात्रभर इतरांविषयी बोलणाऱ्या माणसाविषयी त्या क्षणापर्यंत कोणी बोललेले नसते. आणि अगदी अखेरचा पेला बहुधा परमपवित्र देवमातेच्या नावाने.

काही टोस्ट शिंगातून प्यायच्या असतात. 'कांत्सी' हे बैलाचे किंवा रानबकऱ्याचे शिंग खाली ठेवता येत नाही. ठेवले तर लवंडते. म्हणजे हाती घेतले की रिते करावे लागते. या टोस्टच्या अधूनमधून गाणी होतात. जॉर्जियातील बहुस्वरी गायन, ज्यात तीन स्वरपंक्ती एकाच वेळी स्वतंत्रपणे चालतात, मोठ्या प्रमाणावर मेजाभोवतीच जगले. त्यातील 'चाक्रूलो' हे काखेती प्रदेशातील गीत १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात धाडलेल्या सुवर्णतबकडीवर आहे. एखाद्या पंगतीतील गाणे सूर्यमालेच्या बाहेर गेल्याचे दुसरे उदाहरण प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही.

'दिवस लांबविणारे'

आता मुख्य मुद्द्याकडे वळावयाचे. टोस्टसाठी जॉर्जियन भाषेत 'सादघेग्रजेलो' असा शब्द आहे. (यातील 'ज'चा उच्चार 'जावई'मधल्या 'ज'सारखा करावयाचा, मराठी माणसाला तो इतर भारतीयांपेक्षा सोपा जावा.) 'दघे' म्हणजे दिवस, 'ग्रजेली' म्हणजे लांब. आरंभीचा 'सा' आणि अखेरचा 'ओ' मिळून 'ज्यासाठी, ज्याकरिता' असा भाव येतो. तेव्हा सादघेग्रजेलो म्हणजे दिवस लांब व्हावेत यासाठी केलेले काहीतरी. मेजावर म्हटल्या जाणाऱ्या एका गीतप्रकाराचे नाव 'म्रावालझामिएरी' असे आहे. त्याचा अर्थही 'बहुत काळ' असाच, दीर्घायुष्य चिंतिणारा.

मराठी वाचकाला येथे 'औक्षवंत हो' हा आशीर्वाद आठवल्यावाचून राहणार नाही. औक्ष म्हणजे आयुष्य. वाढदिवसाला, भाऊबीजेला, परीक्षेला निघताना निरांजन ओवाळून आपण जे औक्षण करतो, तेही नावाप्रमाणे दिवस लांबविण्याचेच कर्म आहे. षष्ट्यब्दीपूर्ती आणि सहस्रचंद्रदर्शन हे विधी याच कुळातले. हजार पौर्णिमांचा हिशेब केला तर सुमारे ८० वर्षे १० महिने होतात. म्हणून हा समारंभ वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षात करण्याची रीत बसली. परंतु एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. आपले औक्षण प्रायः घरातील स्त्रिया करतात आणि ते जवळजवळ निःशब्द असते : दिवा, सुपारी, अक्षता, एखादा आशीर्वाद. जॉर्जियात तेच काम परंपरेने पुरुषांकडे गेले आणि ते सर्वस्वी शब्दांचे झाले. एका समाजाने आयुष्य ज्योतीने लांबविले, दुसऱ्याने वाणीने.

टोस्टचा शेवट ज्या शब्दाने होतो तो 'गाउमार्जोस'. त्याचा अर्थ 'त्याला विजय लाभो'. जॉर्जियन माणूस रस्त्यात भेटल्यावर जे 'गामार्जोबा' म्हणतो त्यातही हाच विजय आहे. या शब्दाचे व्याकरण महत्त्वाचे आहे. ते विधान नव्हे. 'तो विजयी आहे' किंवा 'तो विजयी झाला' असे येथे कोणी म्हणत नाही. क्रियापद इच्छेचे आहे, आपल्या 'लाभो', 'होवो', 'असो' यांसारखे. मराठीत हे ओकारान्त रूप आज निमंत्रणपत्रिका आणि श्रद्धांजलीची पत्रके यांच्यापुरते उरले असले तरी त्याची परंपरा थोर आहे. पसायदानाचा सारा डोलारा इच्छादर्शक क्रियापदांवर उभा आहे, हे वर्गात ते शिकविणाऱ्यांना सांगावयास नको.

टोस्टविषयी जो सर्वसामान्य आक्षेप घेतला जातो, की ही सारी अतिशयोक्ती आहे, खुशामत आहे, मेजावर प्रत्येक यजमान दानशूर आणि प्रत्येक वधू सद्गुणांची पुतळी ठरते, त्याचे उत्तर या व्याकरणात आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. टोस्ट ही साक्ष नाही. ती इच्छा आहे. उदाहरणादाखल विवाहप्रसंगी वधूच्या आजीविषयी बोलणाऱ्या तामादाची कल्पना करावी. तो आधी सर्वसाधारण विषय मांडतो : घर कशाने टिकते. मग आजीच्या आयुष्यातील एखादी लहान, ओळखीची गोष्ट घेतो : टंचाईच्या दिवसांत तिने शेजारच्या मुलांसाठीही भाकरी भाजली. येथवर तो भूतकाळात आहे आणि येथवरची गोष्ट खरी असली पाहिजे, कारण मेजावर ती ठाऊक असणारे दहाजण बसलेले आहेत. त्यानंतर वाक्य वळते : या घरात जाणाऱ्या मुलीच्या हाताला तीच सवय लागो, तिच्या घरी कोणी उपाशी न राहो, आजीने पणतवंडे पाहावीत. आणि मग गाउमार्जोस. आजीची स्तुती झालीच, पण ती एका इच्छेची पायरी म्हणून. वधूने ती ऐकली, सासरच्यांनी ऐकली. उद्या त्या घरी कोणी उपाशी राहिले तर या शब्दांचे साक्षीदार पुष्कळ असतील.

भाषाशास्त्रज्ञ हेल्गा कोटहोफ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात जॉर्जियन टोस्टचा विचार एक मौखिक वाङ्मयप्रकार म्हणून केला आहे. ठरीव सूत्रे आणि वक्त्याची स्वतःची भर यांचे मिश्रण, ऐकणाऱ्यांचा सहभाग, गौरवाच्या निमित्ताने समाजाने आपली मूल्ये पुन्हा उच्चारणे, या दृष्टीने पाहिले तर टोस्ट ही आपल्याकडील कीर्तनापासून फार दूरची वस्तू राहत नाही. तेथेही आधी सिद्धान्त, मग आख्यान, आणि शेवटी मागणे.

याच्या उजेडात आपल्या सत्कारसमारंभांकडे पाहिले तर त्यांचे दुखणे कोठे आहे ते कळते. निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याचा परिचय करून देताना आपण जन्मसाल, शिक्षण, रुजू झाल्याची तारीख, भूषविलेली पदे, प्रबंधांची संख्या असा वृत्तान्त वाचतो. ती सारी माहिती सेवापुस्तकात असतेच. मग काही विशेषणे येतात : मनमिळाऊ, अजातशत्रू, अष्टपैलू. ही विशेषणे मागील निवृत्ताला लावली होती आणि पुढीललाही लावली जातील. शाल, श्रीफळ, छायाचित्र. 'उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे जावो' हे एकच इच्छादर्शक वाक्य शेवटी येते, आणि तेही असे की कोणालाही लागू पडावे. माणूस नेमका ज्या टप्प्यावर उभा आहे त्या टप्प्यावर त्याच्यासाठी काय इच्छावे, याचा विचार कोणी केलेला नसतो. खरे बोल आपण राखून ठेवतो ते शोकसभेसाठी. आणि तेव्हा ज्याने ते ऐकावेत तो नसतो.

परंपरा किती जुनी, आणि किती निर्मळ?

येथवरचे वर्णन वाचून सुप्रा ही एखादी सनातन, निर्दोष संस्था आहे असा समज होण्याचा धोका आहे. तिचे अभिमानी तसेच मानतात. वानी येथील उत्खननात इ.स.पूर्व सातव्या शतकातील एक लहान कांस्यमूर्ती मिळाली. बसलेला पुरुष, हातात शिंग. तिची मोठी प्रतिकृती तिबिलिसीच्या जुन्या भागात उभी आहे आणि सारे जण तिला 'तामादा' म्हणतात. मूर्ती जुनी आहे, यात शंका नाही. तिला दिलेले नाव मात्र आपल्या काळाचे आहे. हातात शिंग आहे म्हणून त्या पुरुषाच्या तोंडी भाषणही होते, असे पुरातत्त्व सांगू शकत नाही.

सुप्राचे आजचे काटेकोर रूप बरेचसे एकोणिसाव्या शतकात घडले, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. १८०१ मध्ये रशियन साम्राज्याने पूर्व जॉर्जिया खालसा केला. राज्य गेले, राजदरबार गेला. सरदारघराण्यांकडे मेज तेवढे राहिले. या काळातील कवी ग्रिगोल ओर्बेलियानी यांच्या प्रसिद्ध दीर्घकाव्याचे नावच 'सादघेग्रजेलो' आहे. त्याची पार्श्वभूमी येरेवानजवळील युद्धानंतरच्या रात्रीच्या मेजवानीची. त्या शतकातील वर्णनांत मेजप्रमुखाला 'तोलुंबाश' असा तुर्की वळणाचा शब्दही भेटतो. 'तामादा' हा शब्द कॉकेशसमधील अदिघे भाषांतही 'ज्येष्ठ पुरुष' या अर्थाने आहे. शतकाच्या अखेरीस चित्रकार निको पिरोसमानी (१८६२–१९१८) तिबिलिसीच्या मद्यशाळांसाठी मेजवानीची जी चित्रे काढू लागला, त्यांनी सुप्राला कायमचा चेहरा दिला. म्लान पांढरे वस्त्र, सरळ रेषेत बसलेले गंभीर पुरुष, हातातले शिंग. त्या चित्रांत कोणी हसत नाही, ही गोष्ट नजरेतून निसटू देऊ नये. फ्लोरियान म्यूलफ्रीड यांच्यासारख्या मानववंशशास्त्रज्ञांनी सुप्रा ही राष्ट्र नसलेल्या काळात राष्ट्राची ओळख जपणारी जागा कशी झाली, याचे विवेचन केले आहे.

सोव्हिएत राजवटीत (१९२१–१९९१) या जागेला आणखी एक अर्थ आला. ज्या समाजात सभा, वृत्तपत्र आणि व्यासपीठ सरकारचे, तेथे घरातील मेजाभोवती बोललेला शब्द तेवढा आपला. देवाच्या आणि मृतांच्या नावाने बोलण्याची मुभा तेथे होती. पण याच मेजावर दुसरेही व्यवहार होत. जेराल्ड मार्स आणि योहानान आल्टमन यांनी १९८३ मध्ये सोव्हिएत जॉर्जियातील समांतर अर्थव्यवस्थेवर लिहिताना मान, विश्वास आणि मेजवान्या यांचे जाळे त्या व्यवहारांना कसे आधार देते, हे दाखविले. ज्याच्यासाठी तुम्ही दहाजणांसमोर दीर्घायुष्य चिंतिले, त्याच्याशी केलेला लेखी नसलेला सौदाही तुम्ही पाळणार, असा हा हिशेब.

आणि टोस्टचे सर्वांत भयावह रूपही एका जॉर्जियन माणसाच्याच मेजावर दिसले. गोरी गावी जन्मलेल्या स्टालिनने आपल्या मुलखाची ही रीत क्रेमलिनमध्ये नेली. तेथील मेजवान्यांत टोस्टमागून टोस्ट होत. कोणाचे नाव घेतले गेले, कोणाचे राहिले, कोणाच्या नावाने पेला किती वर गेला, यावरून उपस्थित आपले भवितव्य वाचीत. २४ मे १९४५ रोजी लाल सेनेच्या सेनापतींसाठी झालेल्या मेजवानीत स्टालिनने सोव्हिएत संघातील सर्व लोकांमध्ये रशियन लोकांना अग्रस्थान देणारी जी टोस्ट उचलली, तिच्यात पुढील काळातील रशियाकेंद्री धोरणाची चाहूल इतिहासकारांना दिसते. सुप्रामध्ये तामादाही मेजाच्या नियमांनी बांधलेला असतो, शेवटी त्याच्याविषयी इतरांनी बोलावयाचे असते, आणि आलावेर्दी मिळालेला माणूस विषय आपल्या वाटेने नेऊ शकतो. क्रेमलिनमध्ये रूप तेवढे राहिले आणि ही मोकळीक गेली. जेथे ऐकणारा निराळे काही बोलूच शकत नाही, तेथे इच्छादर्शक क्रियापदही आज्ञार्थी होते.

लहान प्रमाणावर हीच सक्ती सामान्य मेजावरही असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. 'पेला अखेरपर्यंत' ही मागणी, न पिणाऱ्याकडे संशयाने पाहणे, लांबतच जाणारी रात्र, आणि स्त्रियांच्या नावाने पुरुषांनी उभे राहून प्यायलेला पेला, ज्या वेळी त्याच स्त्रिया स्वयंपाकघर आणि मेज यांच्यामध्ये ये-जा करीत असतात. केव्हिन ट्यूट यांनी तामादाला मेजावरचा हुकूमशहा म्हटले आहे, ते अगदीच अकारण नव्हे. खुद्द जॉर्जियात यावर वाद झाला. गिया नोदिया यांनी २००० साली सुप्रा आणि नागरी समाज या विषयावरील चर्चा पुस्तकरूपाने संपादित केली. स्वातंत्र्यानंतरच्या तरुण, पाश्चात्त्य वळणाच्या पिढीला सुप्रा म्हणजे वेळेचा अपव्यय, ढोंग आणि वशिल्याचे मूळ वाटत होते. जुन्या बुद्धिमंतांना तीत राष्ट्राचा आत्मा दिसत होता. २००३ च्या गुलाब क्रांतीनंतर पहिल्या मताच्या मंडळींच्या हाती सत्ता आली. सुप्रा मात्र गेली नाही. २०१७ मध्ये तिला देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आता शहरांत स्त्रियाही तामादा होतात. आणि शेजारच्या रशियात 'तामादा' या शब्दाचा अर्थ विवाहप्रसंगी भाड्याने आणावयाचा सूत्रसंचालक एवढाच उरला आहे. या क्षेत्रात आपलीही प्रगती कमी नाही.

केलेखी

टोस्ट ही इच्छा आहे, हे म्हणणे जेथे कसोटीला लागते तो प्रसंग मृत्यूचा. जो गेला त्याचे दिवस लांबवावयाचे कसे? दफनानंतर मांडल्या जाणाऱ्या भोजनाला 'केलेखी' म्हणतात. येथेही तामादा असतो, येथेही टोस्ट होतात, पण सारे नियम पालटतात. पेल्याला पेला लावला जात नाही. आनंदाची गाणी नाहीत. टोस्टची संख्या आणि क्रम अधिक बांधलेला असतो. मुख्य म्हणजे गेलेल्या माणसासाठी 'गाउमार्जोस' म्हणत नाहीत, कारण विजयाची इच्छा जिवंतांसाठी असते. त्याऐवजी देवाने त्याला सद्गती द्यावी, अशा अर्थाचे शब्द येतात. थोडी वाइन पावाच्या तुकड्यावर ओततात आणि मगच पेला ओठांशी नेतात. आपल्याकडील तर्पणात जे काम पाणी आणि तीळ करतात, तेच येथे वाइन आणि पाव करतात.

म्हणजे इच्छेचे व्याकरण येथेही सुटत नाही. गेलेल्याचे गुण सांगितले जातात, त्याच्या आईवडिलांचे, त्याच्या आधी गेलेल्या आप्तांचे आणि मित्रांचे स्मरण होते. त्याच्यासाठी जेवढे इच्छिता येईल तेवढे इच्छिले जाते. आणि मग हळूहळू मेज मागे राहिलेल्यांकडे वळते : ज्याने दार उघडे ठेवले ते कुटुंब, मुले, घर. शोकाच्या भाषणात आपण बहुधा जाणाऱ्यापाशीच थांबतो. केलेखी तेथे थांबत नाही. चाळिसाव्या दिवशी आणि वर्षाच्या अखेरीस पुन्हा मेज मांडले जाते. ईस्टरच्या सुमारास कुटुंबे कबरीपाशी जातात, तांबडी अंडी तेथे ठेवतात आणि थोडी वाइन मातीवर ओततात.

त्यानंतर त्या घरात केव्हातरी विवाह होतो, बारसे होते. सुप्रा मांडली जाते, मेरिकीपे पेले भरतो, तामादा क्रमाक्रमाने दिवंगतांच्या टोस्टपाशी येतो. तेथे आता आणखी एक नाव घेतले जाते. ज्यांनी त्या माणसाला पाहिले होते ते त्याची एखादी गोष्ट सांगतात. ज्यांनी पाहिले नव्हते ते ऐकतात. आणि त्याच्या लगेच पुढची टोस्ट मुलांची असते.